रक्ताचं लेकरू आणि जांभळा उजेड

पार्थ, पाय पुढे कर बघू. सायकलवरून पडलास तो नडगीवरचा डाग दाखव. लाजायचं काय त्यात! सई, तूही ये, चष्मा पुसून जवळून बघ. मधे अजून काळंनिळं आहे. त्याच्या भोवती हिरवट. अगदी बाहेरच्या काठाला पिवळट. पडलास त्या दिवशी सगळाच डाग जांभळट काळा होता की नाही? मग हा हिरवा आणि पिवळा आला कुठून? आईने हळद लावली होती म्हणून? छे, ती तर दुसऱ्याच दिवशी धुऊन गेली.

कातडीखाली रक्त सांडलं, ते मोडायला सफाई करणाऱ्या पेशी धावल्या. रक्ताला लाल रंग देतं ते हिमोग्लोबिन. त्याच्या आत लोखंडाचा अणू मधोमध धरून बसलेलं एक कडं असतं, त्याचं नाव हीम. या पेशी ते कडं एका जागी तोडतात, लोखंड काढून जपून ठेवतात, आणि मागे उरतं ते बिलिव्हर्डिन, रंगाने हिरवं. त्यात आणखी थोडा फेरफार झाला की बनतं बिलिरुबिन, रंगाने पिवळं. म्हणजे तुझ्या नडगीवर सध्या रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक चाललंय, तेही फुकटात.

आणि हेच काम तुम्ही पडला-झडला नाहीत तरी अंगात रात्रंदिवस चालू असतं. लाल पेशी जगते साधारण १२० दिवस. म्हातारी झाली की प्लीहा तिला अडवते आणि मोडीत काढते. मी हे वाक्य बोलेपर्यंत तुमच्या अंगातल्या लाखो पेशी अशा मोडून झाल्या. त्यातून निघालेलं बिलिरुबिन रक्तातून यकृताकडे जातं आणि यकृत ते पित्तात टाकतं. पित्ताचा पिवळा-हिरवा रंग तो असा. पित्ताचा रंग म्हणजे रक्ताचंच लेकरू म्हणा ना! हे नातं ध्यानात ठेवा, पुढे ते आपल्याला एकदा चकवणार आहे.

काय म्हणतेस सई? आजीला पित्त होतं तेव्हा ती पिवळी दिसत नाही? अगं, आजीचं ते जठरातलं आम्ल. आपण बोलतोय ते यकृतातून झिरपणारं पित्त. दिवसाकाठी अर्धा ते एक लिटर बनतं. काल तुम्ही पुरणपोळीवर तुपाची धार धरलीत ना, ते तूप पाण्यात विरघळत नाही. पित्तातले क्षार त्या तुपाचे इतके बारीक थेंब करतात की पाचकरसाला ते फोडता येतात. आणि शरीराची काटकसर बघा. हे क्षार काम संपल्यावर ते फेकून देत नाही. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून त्यातले सुमारे ९५ टक्के परत शोषले जातात, यकृताकडे जातात आणि पुन्हा कामाला जुंपले जातात. एका दिवसात अशा कितीतरी फेऱ्या होतात. बिलिरुबिन मात्र बाहेर टाकायचा माल. शौचाला जो नेहमीचा रंग असतो तो त्याच्यापासूनच येतो. तोंड वाकडं करू नकोस पार्थ, डॉक्टर हा प्रश्न पहिला विचारतात.

कारण समजा पित्ताची वाट बंद झाली, तर बिलिरुबिन आतड्यात पोचतच नाही. शौच मातकट, पांढुरकी होते. ते सगळं उलट रक्तात साठतं, डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, अंगाला सारखी खाज सुटते. ही अडथळ्याची कावीळ. आपल्याकडे गावोगाव काविळीची माळ घालणारे असतात. काड्यांना दोऱ्याच्या गाठी मारलेली ती माळ डोक्यावर ठेवतात, ती दिवसेंदिवस लांब होत गळ्यात उतरते आणि लोक म्हणतात, कावीळ उतरली. काड्या वाळून बारीक होतात, गाठी सैल पडतात आणि माळ लांबते, एवढंच ते. दूषित पाण्यातून होणारी विषाणूची कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते, श्रेय मात्र माळेला मिळतं. त्यावर माझा फारसा राग नाही. पण वाट बंद झालेला माणूस माळ घालून महिनाभर घरी बसतो आणि मग आमच्याकडे येतो, त्याचा मला फार राग यायचा.

आमच्याकडे म्हणजे कुठे, तर मी नोकरीला होतो तिथे, एका मोठ्या इस्पितळाच्या एंडोस्कोपी विभागात. मी डॉक्टर नव्हे, तंत्रज्ञ. दुर्बिणी धुणं, तपासणं, तारा आणि नळ्या हातात देणं, पडद्यावरचं चित्र नीट राखणं हे माझं काम. एंडोस्कोपला सगळे लोक दुर्बीणच म्हणायचे. "साहेब, दुर्बीण घालायची का?" असं विचारत यायचे.

आता वाट कशी आहे ते सांगतो. यकृताच्या आत केसाहून बारीक नळ्यांपासून सुरुवात होते, त्या एकमेकींना मिळत मिळत शेवटी एक मुख्य पित्तनलिका बनते. मोठ्या माणसात ती आतून साधारण सहा मिलीमीटर रुंद. तुझ्या पट्टीवर सहा मिलीमीटर मोज म्हणजे कळेल आम्ही किती अरुंद जागेची गोष्ट करतोय. वाटेत तिला पित्ताशयाची नळी मिळते, आणि मग ती जठराच्या लगेच पुढे असलेल्या आतड्याच्या भिंतीत एका उंचवट्यावर उघडते. आब्राहम फाटर नावाच्या जर्मन वैद्याने १७२० साली या जागेचं वर्णन केलं. तिथे एक स्नायूचं वळं आहे. जेवण आलं की सैल होतं, एरवी आवळलेलं. ते वळं नीट उलगडून सांगितलं रुग्गेरो ओद्दी याने १८८७ साली, आणि तेव्हा तो इटलीत अजून विद्यार्थीच होता! म्हणून आजही जगभर त्याला ओद्दीचं वळं म्हणतात.

हे वळं पित्ताला बाहेर सोडतं आणि आतड्यातल्या ऐवजाला वर चढू देत नाही. पण एक पाहुणा चढतो. पोटातला जंत! त्याला बिळात शिरायची भारी खोड. काश्मीरमध्ये हे इतकं दिसायचं, की श्रीनगरच्या डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी १९९० साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात असे ५०० रुग्ण नोंदवले. दुर्बिणीने बघावं तर अर्धा जंत वाटेत अडकलेला आणि अर्धा बाहेर वळवळतोय. चिमट्यात धरून ओढून काढायचा. सई, कान झाकू नकोस, झाला तो भाग.

तर या नळीत माणसाला डोकवायचं होतं. आधी उजेड वाकवता यायला हवा. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि आपल्या पंजाबातल्या मोगा गावी जन्मलेले नरिंदर सिंग कपानी यांनी १९५४ साली दाखवून दिलं, की काचेच्या केसासारख्या तंतूंची जुडी बांधली तर ती वाकवूनही एका टोकाचं चित्र दुसऱ्या टोकाला पोचवता येतं. मग अमेरिकेत बेसिल हिर्शोवित्झ यांनी १९५७ साली अशा तंतूंची लवचीक दुर्बीण केली, आणि रुग्णाला घालण्याआधी ती स्वतःच्याच घशाखाली उतरवली. पुढे १९६८ साली वॉशिंग्टनच्या विल्यम मॅक्यून यांनी दुर्बिणीतून त्या उंचवट्याच्या भोकात बारीक नळी सरकवली, आत औषध सोडलं आणि क्ष-किरणांवर पित्तनलिकेचं चित्र घेतलं. ही ईआरसीपीची सुरुवात. १९७४ साली जर्मनी आणि जपानमध्ये जवळजवळ एकाच वेळी ते वळं आतूनच विजेच्या तारेने कापून खडे काढायला लागले. पोट फाडायचं काम वाचलं.

पण ईआरसीपीत दिसते ती सावली. औषध भरलेली नळी पांढरी दिसते, खडा असला तर त्यात काळी पोकळी दिसते. खडा ओळखायला तेवढं पुरतं. नळी एखाद्या जागी आवळलेली दिसली, की मात्र पंचाईत. ती सूज आहे, जुन्या जखमेचा वण आहे की कर्करोग? सावली तिन्हींची सारखीच. मग त्या जागी इवलासा ब्रश घासून पेशी काढायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. पित्तनलिकेच्या कर्करोगात तंतूच फार आणि पेशी विरळ, त्यामुळे कर्करोग असूनही ब्रशचा रिपोर्ट निम्म्याहून जास्त वेळा 'काही सापडलं नाही' असाच येतो. हा रिपोर्ट घेऊन नातेवाईक पेढे वाटायला निघतात. त्यांना थांबवायचं कसं, हे मला कधीच कुणी शिकवलं नाही.

असेच एक सांगली जिल्ह्यातले शेतकरी आले होते. साठीचे. पोटात दुखत नाही, ताप नाही, फक्त डोळे पिवळे आणि खाजवून खाजवून हातांवर ओरखडे. ईआरसीपीत नळी वरच्या बाजूला आवळलेली. पित्त वाहतं राहावं म्हणून प्लॅस्टिकचा स्टेंट घातला. ब्रश केला. रिपोर्ट कोरा. पुन्हा केला, पुन्हा तेच. घरचे म्हणाले, कर्करोग नाही ना, मग सोडा. आमचे मोठे डॉक्टर म्हणाले, नाही, आत जाऊन बघू.

आत जायची दुर्बीण म्हणजे मोठ्या दुर्बिणीच्या पोटातून जाणारी धाकटी. तिला जगभर आई-बाळाची जोडी म्हणतात. मोठीच्या आत चार मिलीमीटरच्या आसपास भोक असतं, त्यातून धाकटी पुढे जाते. तिच्या आतही एक मिलीमीटरभर भोक, ज्यातून चिमटा जातो. जुन्या धाकट्या फार नाजूक, एक चुकीचा मुरडा पडला की कामातून गेल्या. २००७ च्या सुमारास एकट्या डॉक्टरला चालवता येईल अशी आली, आणि २०१५ साली टोकाला कॅमेऱ्याची चिप असलेली, एकदा वापरून फेकायची. अशा धाकटीतून खडा समोर बघत लेझरने फोडता येतो. मुंबईच्या डॉ. अमित मायदेव यांच्या चमूने २०११ सालीच हे काम प्रसिद्ध केलं होतं. पण आमच्याकडची त्या वेळची जपानी बनावटीची होती, आणि तिच्यात एक जादा बटण होतं. माझी गोष्ट खरं तर त्या बटणाची आहे.

गणपतीच्या आराशीतले जिलेटीनचे रंगीत कागद उरलेत ना? आण बरं पार्थ, लाल आणि हिरवा. आता सई, पांढऱ्या कागदावर लाल पेनने काहीतरी लिही. त्याच्यावर लाल जिलेटीन धर. गेलं ना अक्षर? आता हिरवा धर. अक्षर काळंकुट्ट! शाई तीच, कागद तोच. हिरव्या जिलेटीनमधून फक्त हिरवा उजेड येतो, आणि लाल शाई हिरवा उजेड गिळून टाकते. परत काही पाठवत नाही, म्हणून काळी दिसते.

रक्तही लालच. पण रक्ताची भूक फार नेमकी आहे. हिमोग्लोबिन सगळ्यात अधाशीपणे गिळतं तो जांभळट निळा उजेड, ज्याची तरंगलांबी ४१५ नॅनोमीटर. आणि दुसरी आवड हिरव्याची, ५४० च्या आसपास. जपानमध्ये ऑलिंपस कंपनीचे काझुहिरो गोनो आणि काशिवा इथल्या राष्ट्रीय कर्करोग केंद्राचे डॉक्टर यांनी हाच धागा धरला. पांढऱ्या दिव्यातले बाकीचे रंग गाळून टाकायचे आणि फक्त हे दोन अरुंद पट्टे आत सोडायचे. आधी अन्ननलिका, जठर, मोठं आतडं इथे वापर झाला. पित्तनलिकेत तो उजेड नेऊन २००७ साली निरीक्षणं प्रसिद्ध केली टोकियोच्या टाकाओ इतोई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी.

आता त्यातली खुबी. जांभळा उजेड मांसात फार खोल जात नाही, वरच्यावरच विखरून परत येतो. हिरवा जरा खोल उतरतो. म्हणजे जांभळा उजेड सांगतो फक्त अस्तरालगतच्या केशवाहिन्या, आणि हिरवा सांगतो त्याच्या खालच्या जाड वाहिन्या. यंत्र पडद्यावर रंग वाटून देतं. वरच्या बारीक वाहिन्या तपकिरी दिसतात, खालच्या निळसर हिरव्या. साध्या पांढऱ्या उजेडात नळीची भिंत नुसती गुलाबी दिसायची. बटण दाबलं की त्याच भिंतीवर वाहिन्यांची नक्षी उमटायची.

आणि वाहिन्याच का बघायच्या? कर्करोगाच्या गाठीला वाढायचं तर रक्त हवं, म्हणून ती नव्या वाहिन्या उगवायला लावते. त्या घाईत उगवलेल्या. कुठे फुगीर, कुठे बारीक, मुरडलेल्या, मधेच तुटल्यासारख्या. निरोगी नळीत मात्र त्या बारीक, सुबक, जाळीदार.

त्या दिवशी धाकटी दुर्बीण आत गेली, डॉक्टर म्हणाले बटण दाबा, मी दाबलं, आणि सगळा पडदा लालभडक! नर्सबाई दचकल्या, म्हणाल्या, "रक्तस्राव झाला!" झालेला नव्हता. सांगा बरं काय असेल? पार्थ, तुझ्या नडगीवरचा पिवळा आठव. शाबास सई! पित्त! बिलिरुबिन रक्तापासूनच तर झालंय, तेही जांभळट निळ्या उजेडाचं अधाशी. पण हिरवा ते गिळत नाही. जांभळा गेला, हिरवा परत आला, आणि यंत्र हिरव्याच्या वाट्याला पडद्यावर लाल रंग देतं. म्हणून या उजेडात पित्त रक्तासारखं दिसतं. आपलं रक्ताचं लेकरू आईचं सोंग घेऊन उभं! बटण बंद केलं, पांढऱ्या उजेडात ते पुन्हा पिवळं. मग सलाईन सोडून सोडून नळी धुवायची, ओढून घ्यायची, पुन्हा धुवायची. या कामाला घाई चालत नाही, आणि जोरही चालत नाही. फार दाबाने पाणी सोडलं तर जंतू रक्तात घुसतात, म्हणून आधी प्रतिजैविक दिलेलं असतं. नुसती दुर्बीण घालण्यानेही काहींना स्वादुपिंडाला सूज येते. म्हणून केवळ हौसेने आत डोकवायचं नाही, आधी सोनोग्राफी, एमआरआय करून मगच.

नळी निवळली. आवळलेल्या जागेशी वाहिन्या दिसल्या, फुगलेल्या आणि नागमोडी. खोलीत सगळे गप्प. मी मनात म्हटलं, गेला बिचारा. पण आमच्या डॉक्टरांनी मान हलवली. म्हणाले, नुसत्या सुजेतही वाहिन्या अशा फुगतात. चित्र बघायला ठीक आहे, पण तुकडा कुठून घ्यायचा ते मला यातून हवंय. आणि त्यांनी चित्रात जिथे नक्षी सर्वांत बिघडलेली होती, नेमका तिथला तुकडा एक मिलीमीटरच्या चिमट्याने काढला. मग शेजारून दुसरा, तिसरा. बाहेर येताना त्या फाटरच्या उंचवट्यावरचाही एक घेतला. तो कशाला, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

याच्याही पुढचा उजेड आलाय, तो मी एका कार्यशाळेत पडद्यावर पाहिला. रुग्णाच्या शिरेत फ्लुओरेसीन नावाचा रंग टोचतात, जो बेयर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८७१ साली बनवला होता. मग मिलीमीटरभर जाडीचा तंतू भिंतीला टेकवून ४८८ नॅनोमीटरचा निळा लेझर सोडतात, आणि तो रंग हिरवा चमकून जिवंत पेशींच्या थरांचं चित्र तिथल्या तिथे दाखवतो. रुग्णाची लघवी काही तास झगमगीत पिवळी होते, ते आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर तो घाबरून पळत येतो. तिथेही तोच घोळ, स्टेंट काढल्यानंतरची सूज कर्करोगाच्या वेशात दिसते. उजेड बदलला म्हणून रोग खरं बोलायला लागतो असं नाही.

आमच्या शेतकऱ्याचे तुकडे गेले. चार-पाच दिवसांनी पॅथॉलॉजीच्या बाईंचा फोन. कर्करोगाच्या पेशी एकाही तुकड्यात नाहीत, पण प्लाझ्मा पेशींची गर्दी आहे, आणि त्या आयजीजी-४ नावाचं प्रतिपिंड बनवणाऱ्या आहेत. उंचवट्यावरच्या तुकड्यातही त्याच. रक्ततपासणीत आयजीजी-४ बरंच वाढलेलं. जपानमधल्या शिन्शू विद्यापीठाच्या हामानो यांनी २००१ साली स्वादुपिंडाच्या एका विचित्र आजारात हे प्रतिपिंड वाढतं असं दाखवलं, तेव्हापासून लोकांना कळत गेलं, की तोच आजार पित्तनलिकेलाही आवळतो आणि हुबेहूब कर्करोगाचं सोंग घेतो. कर्करोग समजून अशांची मोठमोठी ऑपरेशनं झालेली आहेत, आणि काढलेल्या भागात गाठच सापडलेली नाही.

यावर औषध स्टेरॉइडच्या गोळ्या. डॉक्टरांनी त्या सुरू केल्या, पण नजर ठेवून. काही आठवड्यांत नळी सैल झाली नसती तर पुन्हा आत जायचं ठरलेलं होतं. नळी सैल झाली. खाज थांबली, डोळे पांढरे झाले, पुढे स्टेंटही काढला. गोळ्या हळूहळू कमी करत नेल्या, एकदम बंद करायच्या नसतात. साखर वाढली तिचं वेगळं औषध लागलं. आणि हा आजार बऱ्याच जणांना उलटतो, म्हणून दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला यायचं असं बजावून सांगितलं. ते ऊसतोडीच्या हंगामातही चुकवत नव्हते.